सॉनातला कॉम्प्युटर

"प्रश्न तो नाहीच," इल्पो आतून म्हणाला.

"प्रश्न तोच आहे," मार्केट्टा बंद दाराला तोंड लावून म्हणाली. "तुझी व्याख्यानं पेनड्राइव्हवर घाल, खिशात टाक, ऑफिसात जा आणि तिथल्या कॉम्प्युटरवरून चढव. बूट घालण्यातच काय तो वेळ जाईल."

"म्हणजे त्यांचं साधलं."

"कुणाचं?"

"नेटवर्कवाल्यांचं. आपल्या भाड्यात कॅम्पसचं वायफाय धरलेलं आहे. तुझ्या फोनला ते मिळतं. शेजारच्या राइलीच्या केर काढणाऱ्या यंत्राला मिळतं. फक्त मला मिळत नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे, मार्केट्टा."

मार्केट्टाच्या कानाला फोन होता आणि फोनवर विद्यापीठाच्या मदतकक्षातला कुइस्मा नावाचा माणूस केव्हाचा ताटकळत होता. खरं तर इल्पोनेच त्याच्याशी बोलायचं, पण आत गेलं की मोबाइलची रेंज जाई. त्याबद्दल इल्पोने आधी मार्केट्टाच्या स्वस्तातल्या फोनला बोल लावला, मग स्वतःच्या महागातल्या फोनला, मग मोबाइल कंपनीला. तेव्हापासून मार्केट्टा दारापाशी उभी राहून इकडचं तिकडे करत होती.

"तो विचारतोय, मागचा दिवा हिरवा आहे की नारिंगी."

"त्याला सांग, हे त्याने मागच्या आठवड्यातही विचारलं होतं. आणि त्याला सांग की मी सव्वीस वर्षं या विद्यापीठात शिकवतोय, मला रंग ओळखता येतात."

"हिरवा आहे," मार्केट्टाने फोनमध्ये सांगितलं. कुठलं वाक्य पुढे पोचवायचं आणि कुठलं गिळायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. ती कॅम्पसच्या बालवाडीत शिक्षिका होती. दिवसभर तेच काम.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी इल्पोची आई हिल्का वेलचीचा गोड पाव कॉफीत बुडवून खात होती. नातवंडं मोठी होऊन केव्हाच दुसऱ्या शहरांत गेली, पण घरात तिला सगळे आजीच म्हणत. सूनसुद्धा.

"दिवा लागलाय ना?" आजी म्हणाली. "मग त्याच्या डोक्यात उजेड का पडत नाही, ते विचार त्या मदतवाल्याला."

हेसुद्धा मार्केट्टाने पुढे पोचवलं नाही.

इल्पोने घरातला सॉना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली, ताब्यात घेतला तो ऑक्टोबरात. विद्यापीठाने अध्यापकांच्या खोल्या मोडून एक मोठा हॉल केला होता. सकाळी जी जागा रिकामी असेल तिथे बसायचं आणि संध्याकाळी सगळं आवरून भिंतीतल्या कप्प्यात टाकायचं. बाकीचे चार दिवस कुरकुरले आणि बसू लागले. इल्पो बसला नाही. दार नसलेल्या ठिकाणी विचार करता येत नाही, असं त्याने विभागप्रमुखाला सांगितलं आणि विभागातून मोडीत निघालेला एक थोरला कॉम्प्युटर मागून घेऊन घरी आला. लॅपटॉप देत होते, तो त्याने नाकारला. लॅपटॉप म्हणजे ज्याला बसायला जागा नाही त्याची वस्तू, असं त्याचं म्हणणं.

घरात एक झोपायची खोली, एक आजीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि न्हाणीघराला लागून सॉना. दार लावून बसता येईल अशी रिकामी जागा तेवढीच. "नाताळपर्यंत," इल्पो म्हणाला होता. शेगडीवरचे दगड त्याने बादलीत भरून मागच्या ओट्यावर नेऊन ठेवले, शेगडीचा फ्यूज काढला, तिच्यावर फळी टाकून कॉम्प्युटरचा पडदा मांडला, खालच्या बाकावर लहान फ्रिजएवढं ते धूड ठेवलं आणि स्वतः वरच्या बाकावर उशी घेऊन, पायांत लोकरी मोजे चढवून, मांडीवर कीबोर्ड घेऊन बसला. पूर्वेकडच्या बोलींवरचा आपला अभ्यासक्रम त्याला ध्वनिमुद्रित करून विद्यापीठाच्या साठ्यात चढवायचा होता. व्याख्यानं तयार झाली. आवाज छान आला होता, अगदी शांत. फक्त ती तिथून बाहेर पडेनात.

नाताळ गेला. मार्च उजाडला. दगडांच्या बादलीवर बर्फाची टोपी चढली.

आजीची मात्र पंचाईत झाली. दर शनिवारी सॉना, नंतर मोहरी लावून एक सॉसेज, आणि मग झोप. एवढ्यावर तिने युद्धानंतरची वर्षं, नवऱ्याचं दारूडेपण आणि दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया निभावून नेल्या होत्या. आता तिला बसने पोहण्याच्या तलावावरच्या सॉनात जावं लागे. "तिथल्या पोरी बडबड करतात," ती परत येऊन सांगे. "आणि दगडावर पळीभर पाणी टाकलं की शिंतोडे उडालेल्या मांजरीसारख्या पळतात." सॉनात अंगावर मारून घ्यायला उन्हाळ्यात स्वतः बांधलेल्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या तिने फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या होत्या, तलावावर त्या न्यायला बंदी. लाकडी बादली आणि पळी तिने इल्पोच्या हाती लागू नये म्हणून आपल्या खाटेखाली सरकवून ठेवली होती.

येत्या शनिवारी ती पंच्याऐंशी पुरी करणार होती. काय हवं, म्हणून मार्केट्टाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या घरचा सॉना. केक नको, साखर वाढते."

इल्पोने शब्द दिला होता. अभ्यासक्रम चढला की सॉना मोकळा. म्हणजे वायफाय लागलं तर सॉना मिळणार. त्यामुळे ज्या मार्केट्टाला त्या यंत्राचं तोंड बघायची इच्छा नव्हती, तीच रोज संध्याकाळी फोन कानाला लावून त्याच्या दिव्यांची चौकशी करत होती.

मार्केट्टाला हा माणूस पाठ होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने होडी पाण्यातून काढायला उशीर केला आणि बर्फाने तिची फळी फोडली, तेव्हा तळं त्या वर्षी लवकर गोठलं होतं. रानातून त्याने टोपलीभर भलत्याच अळंब्या आणल्या, तेव्हा पुस्तकातलं चित्र चुकीचं छापलेलं होतं. प्राध्यापकाची जागा त्याच्याहून बारा वर्षांनी धाकट्या बाईला मिळाली, तेव्हा निवड समिती झोपली होती. यातलं काहीही तो थाप म्हणून सांगत नसे. थाप असती तर मार्केट्टाला त्याच्याबद्दल थोडा आदर तरी वाटला असता. थाप मारायला निदान खरं काय ते ठाऊक असावं लागतं. इल्पो मनापासून चकित होई. जग त्याच्याशी असं का वागतं, हे त्याला दर खेपेला नव्याने कोडं पडे.

बालवाडीतही तिच्याकडे असा एखादा मुलगा दर वर्षी येई. मोजे उलटे घालून वर मोज्यांवर रुसणारा. पण तो मुलगा पुढच्या वर्षी सुधारून शाळेत जाई.

वायफायसाठी इल्पोने सगळे उपाय पद्धतशीरपणे केले. पासवर्ड बदलला. यंत्र बंद करून सुरू केलं, मग बंद करून थोडं थांबून सुरू केलं, कारण कुइस्माने थांबायला सांगितलं होतं. यंत्राच्या पाठीला दोन काळी शिंगं असतात, तीच म्हणे लहरी पकडतात. ती काढून लांब शिंगं बसवली. कॅम्पसचा प्रक्षेपक ग्रंथालयाच्या भिंतीवर आहे हे त्याने स्वतः जाऊन पाहिलं आणि लष्करी सेवेतलं जुनं होकायंत्र ट्रंकेतून काढून, आत बसून, शिंगांची तोंडं नेमकी ग्रंथालयाकडे वळवली. त्या दिवशी तो जेवताना खुशीत होता. दिशा अचूक असल्याचं त्याने दोनदा सांगितलं.

"लागलं का?" आजीने विचारलं.

"दिशेचा प्रश्न सुटला," इल्पो म्हणाला. "आता दोष त्यांच्याकडेच उरतो."

शेवटी कुइस्मा म्हणाला, यंत्र इकडेच घेऊन ये. कॅम्पसच्या आतल्या रस्त्यांवर गाडी चालत नाही, म्हणून मुलांची बर्फावरून ओढायची जुनी लाल घसरगाडी माळ्यावरून काढली. ते धूड लोकरी घोंगडीत गुंडाळून दोरीने आवळलं. इल्पो पुढे दोरी धरून आणि मार्केट्टा मागून आधार देत, अशी वरात बर्फातून निघाली. सायकलवरून जाणारे विद्यार्थी वळून बघत होते. एकाने घोंगडीतून डोकावणारी दोन शिंगं पाहून विचारलं, "रेनडिअर मेलं का?" इल्पोने दोरी जोराने ओढली. मार्केट्टाला हसू आलं, ते तिने मफलरमध्ये दाबलं.

मदतकक्षात टेबलावर ठेवून बटण दाबल्याबरोबर यंत्र कॅम्पसच्या वायफायला जोडलं गेलं.

"झालं की," कुइस्मा म्हणाला.

"तू काय केलंस?"

"काही नाही. चालू केलं."

"काहीतरी केलंस. तुला ते कळलंही नसेल."

कुइस्मा हा चाळिशीचा, अवाढव्य, संथ माणूस होता. त्याच्यासमोरच्या पडद्यावर प्रश्नांची यादी होती आणि यादीबाहेरचा विचार करण्यासाठी त्याला कोणी पगार देत नव्हतं. तो म्हणाला, "घरी जाऊन बघ."

"आलोच आहोत तर इथूनच चढव ना तुझी व्याख्यानं," मार्केट्टा म्हणाली.

"यंत्र बरं झालंय. घरून चढवेन. शांतपणे," इल्पो म्हणाला.

घरी आल्यावर काही नाही. सॉनात ठेवलं, दार लावलं, पडद्यावर तोच शिक्का: नेटवर्क सापडत नाही. इल्पोने तीन दिवस तक्रारी लिहिल्या, मग पुन्हा घसरगाडी काढली. या खेपेला मार्केट्टा गेली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने पाहिलं: चढावर तो थांबला, मागे आला, घोंगडीचं सरकलेलं टोक नीट खोचलं आणि पुन्हा ओढू लागला. स्वतःच्या मुलांना त्या गाडीत बसवून त्याने कधी नेलं होतं का, हे आठवायचा तिने प्रयत्न केला. नेत असे ती. तो मागून सूचना देत येई.

मदतकक्षात यंत्र पुन्हा लगेच जोडलं गेलं. घरी पुन्हा मुकं झालं.

"त्यांनी आपलं घर वगळलंय," इल्पोने जाहीर केलं. "मुद्दाम."

"तुझं एकट्याचं," आजी म्हणाली. "माझा रेडिओ लागतो."

गुरुवारी दुपारी कुइस्मा स्वतः घरी आला. दारात बूट काढले, वाटाण्याच्या सुपाचा वास येत होता म्हणून एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, आजीला मान लववली आणि विचारलं, "मशीन कुठे आहे?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांच्या यादीत नव्हता. इल्पोने अर्जावर जागा म्हणून 'अभ्यासिका' लिहिलं होतं आणि कोणालाही त्यापुढे जाऊन विचारावंसं वाटलं नव्हतं. या दोघांची गाठ कोणीतरी आधीच घालून द्यायला हवी होती, मार्केट्टाच्या मनात आलं. एकमेकांना शोभले असते.

"ये," इल्पो म्हणाला आणि त्याला न्हाणीघरातून आत घेऊन गेला.

कुइस्मा सॉनाच्या उंबऱ्यावर थबकला. बाकावरची उशी, शेगडीवरचा पडदा, फळीच्या कडेला वाळत टाकलेले मोजे, असं एकेक पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि आत पाऊल टाकलं. दार आपोआप मागे मिटलं. थोड्या वेळाने तो बाहेर आला, फोनकडे पाहिलं, पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला.

सॉनाची अभ्यासिका होईपर्यंत तिथे फोन घेऊन जाणारा माणूस मार्केट्टाने पाहिला नव्हता. चर्चमध्ये कोणी टोपी घालून जात नाही, तसंच ते. कपडे, घड्याळ, अंगठी, बातम्या, सगळं बाहेर ठेवून आत जायचं. त्यामुळेच या घरात इतकी वर्षं कोणाला काही कळलं नव्हतं.

"या भिंतींत काय आहे?" कुइस्माने विचारलं.

इल्पोचा चेहरा उजळला. आजवर कोणी त्याला हे विचारलं नव्हतं.

"ॲस्पेनच्या फळ्या," तो म्हणाला. "एक गाठ सापडणार नाही तुला. या ओळीतल्या सगळ्या घरांनी श्रमदान करून सॉना नव्याने बांधले, त्या उन्हाळ्यात कामावर देखरेख माझी होती. फळ्यांच्या मागे हवेसाठी फट. आणि फटीच्या मागे ॲल्युमिनियमचा फॉइल. चारी भिंती आणि वर छत. प्रत्येक सांध्यावर फॉइल तळव्याएवढा एकमेकावर चढवलेला, वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. बाकीच्यांनी कोपऱ्यांत कंटाळा केला. राइलीच्या घरी तर अर्धं छत उघडंच आहे. मी दाराच्या आतल्या बाजूलाही फळीखाली फॉइल घातला, तो इथे कोणी घालत नाही. वाफेचा एक कण बाहेर जाणार नाही. आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही, असं काम आहे हे."

तो बोलायचा थांबला आणि कौतुकाची वाट पाहू लागला.

कुइस्मा आपल्या मोज्यांकडे बघत होता. स्वयंपाकघरातून येऊन मागे उभ्या राहिलेल्या आजीने भिंतीला हात टेकला. त्या उन्हाळ्यात चिकटपट्टीचं रीळ धरून मार्केट्टाच उभी होती. इल्पो मागेल तेवढी ती कापून देत होती. सगळ्यांना कळून चुकलं होतं आणि सगळे एकाची वाट पाहत होते.

वाफ अडवणारा फॉइल वायफायच्या लहरीही अडवतो, हे कळायला इल्पोला बराच वेळ लागला.

कुइस्माने शेवटी हात लांब करून सॉनाचं दार सताड उघडलं आणि धरून ठेवलं. पडद्यावरचा शिक्का गेला. कोपऱ्यात एक बारीक रेघ उमटली, मग दुसरी.

"दार उघडं ठेवलं तर चालेल," तो म्हणाला. "जरा हळू चालेल."

"दार उघडं ठेवून मला काम करता येत नाही," इल्पो म्हणाला.

"ते मला ठीक करता येणार नाही," कुइस्मा म्हणाला. त्याने बूट चढवले आणि निघून गेला. सुपाचं विचारायचं मार्केट्टाच्या लक्षात आलं नाही.

"आता लागलंय," ती इल्पोला म्हणाली. "चढव. मी दार धरते."

इल्पो वरच्या बाकावर बसला नाही. तो भिंतीवरून हात फिरवत होता, उंची अजमावत होता. "बोटाएवढं भोक," तो म्हणाला. "इथे, या फळीतून. शिंगांची तार बाहेर काढली की झालं. न्हाणीघरातून पुढे खिडकीपर्यंत नेता येईल."

"फॉइलला भोक पडलं की भिंत कुजते," आजी म्हणाली. "श्रमदानाच्या वेळी हे सगळ्यांना ओरडून सांगत होतास. राइलीच्या नवऱ्याला रडवलं होतंस."

"ते वापरातल्या सॉनासाठी, आई."

आजीने भिंतीवरचा हात काढून घेतला.

"वापरातल्या म्हणजे?" मार्केट्टाने विचारलं.

"शरद ऋतूत दोन अभ्यासक्रम आहेत माझे," इल्पो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, ड्रिल कुठल्या कपाटात असेल याचा विचार करत असावा. "इतकं नीट बसवलेलं सगळं मोडायचं, पुन्हा मांडायचं. त्यात काय अर्थ आहे? आठवड्यातून एक तास वापरायची खोली ती. आईला तलावावर सवय झालीय आता. आणि तुला कुठे एवढी गरज असते."

मार्केट्टाने त्याच्याकडे पाहिलं. पाय लोकरी मोज्यांत, चष्मा कपाळावर सरकवलेला. बिचाऱ्याला दार हवं होतं. विद्यापीठाने काढून घेतलेलं दार त्याने इथे लावून घेतलं होतं आणि त्याच्या पलीकडे आणखी कोणी उभं आहे, त्यालाही ते दार हवं आहे, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. दिवसभर वीस पोरांची नाकं पुसल्यावर आठवड्यात तोच एक तास तिला कोणी हाक मारत नसे. हे ती त्याला समजावून सांगू शकली असती. पण सांगितल्यावर तो चकित झाला असता, आणि तो चकित झालेला चेहरा तिला आज बघवणार नव्हता.

ती मागच्या ओट्यावर गेली. बादलीवरचा बर्फ बुटाच्या टाचेने फोडला आणि दगडांची बादली दोन्ही हातांनी उचलून, न्हाणीघराच्या फरशीवर पाण्याची रेघ उमटवत, आत आणली. सॉनाचं दार भिंतीपर्यंत ढकललं आणि बादली त्याला टेकवून ठेवली. दार तिथेच राहिलं. पडद्यावरच्या रेघा तीन झाल्या.

"हे काय?" इल्पो म्हणाला.

"बस आणि चढव."

"थंडी येतेय, मार्केट्टा. आवाज येतोय स्वयंपाकघरातला."

"येऊ दे."

तो वरच्या बाकावर चढला, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि एका बोटाने काहीतरी दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. आजी आपल्या खोलीत गेली आणि खाटेखालची लाकडी बादली आणि पळी घेऊन आली. पळी तिने ॲप्रनने पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि न्हाणीघरातल्या खुंटीला तिच्या जुन्या जागी अडकवली.

मार्केट्टा उंबऱ्यावर उभी राहून निळी पट्टी शेवटाला जाईपर्यंत थांबली. मग तिने बालवाडीत डबे उघडायची वेळ झाली हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात सांगितलं.

"उद्या सकाळी हे घसरगाडीवरून तुझ्या ऑफिसात जाईल. फ्यूज मी आज बसवते. शनिवारी पाच वाजता सॉना तापेल. आधी आजी, मग मी. इल्पो शेवटी."